गिलाव्यापर्यंत सोसायटीची, पुढे ज्याची त्याची

मी एक जुनी भिंत आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलं नसेल, त्याचा मला राग नाही. भिंतीकडे कोण पाहतं? भिंतीवर काय टांगलंय ते पाहतात. घड्याळ पाहतात, आरसा पाहतात. एकोणचाळीस वर्षं मी उभी आहे, एकदाही बसले नाही, आणि 'दमलीस का गं?' असं मला एका माणसानं विचारलेलं नाही. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं. भिंतीला कान असतात असं सगळे म्हणतात. तिला तोंड नसतं, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि माझं सगळं दुखणं तिथेच आहे. आज बोलते आहे, तेही उभ्याउभ्याच.

मला बांधलं एका तापट गवंड्यानं. चार मजली इमारतीचा तळमजला, जिन्याच्या उजव्या हाताला. तो एकेक वीट ठेवायचा, ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि कपाळाला आठ्या घालायचा. तिसरा थर त्यानं दोनदा पाडला. त्याच्या हाताखाली माल कालवणारी बाई वैतागली. म्हणाली, "अहो दादा, गिलाव्याखाली कुणाला दिसणार आहे?" तो म्हणाला, "हिला दिसेल की!" म्हणजे मला. माझ्याविषयी इतकं चांगलं त्यानंतर कुणी बोललेलं मला आठवत नाही. मग गिलावा झाला, रंग झाला, आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला.

माझी एक बाजू एक नंबरच्या फ्लॅटमध्ये आहे. तिथे मी पॅसेजची लांबलचक भिंत आहे, झोपायच्या खोलीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. माझी दुसरी बाजू सोसायटीच्या कार्यालयात आहे. सोसायटी म्हणजे इमारतीतल्या सगळ्या घरमालकांनी मिळून केलेली संस्था. जिना, गच्ची, भिंती, पाण्याचे उभे पाइप, हे सगळं तिच्या ताब्यात. कार्यालयात एक लोखंडी कपाट, एक टेबल, चार खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, आणि त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीवर सेक्रेटरी. सेक्रेटरी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण गुडघे वाईट. आयुष्यभर लोकांची पत्रं वेळेवर पोचवली याचा त्यांना फार अभिमान होता, आणि ते रोज हे कुणाला ना कुणाला ऐकवायचे.

तर अशी मी दोन्हीकडची. फ्लॅटवाले म्हणायचे, भिंत सोसायटीची. सोसायटी म्हणायची, आतली बाजू फ्लॅटवाल्यांची. खिळा ठोकायचा असला की सगळ्यांची, आणि ओल आली की कुणाचीच नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी एक नंबरमध्ये सुतारकाका आणि काकू राहायला आले. दोघंच. काकूंची नजर तेव्हाच कमी होऊ लागली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ती हळूहळू जाणार आणि परत येणार नाही. त्या दिवशी काकू पॅसेजमध्ये माझ्याशी पाठ टेकून खाली बसल्या आणि बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. माझ्याच घरात मी कुणाच्या खांद्यावर हात ठेवून फिरणार नाही. हो, तुमच्यासुद्धा."

 काका दुसऱ्या दिवशी लाकूड घेऊन आले.

तीन महिने काम चाललं. बाहेरची कामं आटोपून आले की काका रंधा घेऊन बसायचे. त्यांनी माझ्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाकडी दांडी बसवली. तिची उंची टेपनं नाही मापली. काकूंना उभं केलं, हात सैल सोडायला लावला, आणि तळवा टेकला तिथे पेन्सिलीची खूण केली. दांडीच्या खालच्या अंगाला त्यांनी पटाशीनं खाचा पाडल्या. एक खाच म्हणजे झोपायच्या खोलीचं दार. दोन म्हणजे न्हाणीघर. तीन खाचा लागल्या की जपून, पुढे स्वयंपाकघराची पायरी आहे. स्वयंपाकघरातली कपाटंही त्यांनीच केली, आणि प्रत्येक कपाटाची मूठ वेगळी. साखरेची गोल, मिठाची चौकोनी, चहाची लांबट. काचपेपर मारून ते डोळे मिटायचे आणि स्वतः हात फिरवून पाहायचे. कुठे कुसळ लागलं की पुन्हा पहिल्यापासून.

काकूंची नजर पुढच्या चार-पाच वर्षांत पुरती गेली. पण घरात त्यांना बघून कुणाला ते कळायचं नाही. भरभर चालायच्या. पाहुणे आले की चहा करून आणायच्या, आणि पाहुणे माझ्याकडे, म्हणजे दांडीकडे, तोंडात बोट घालून बघत राहायचे. काका वरवर म्हणायचे, "छे हो, दोन फळ्यांचं काम!" आणि आतून फुलून जायचे. मित्रांनो, दिवसातून वीस वेळा तो हात माझ्या अंगावरून जायचा. मला तो हात फार आवडायचा. माझ्यावर आजवर ज्यांनी हात ठेवला, त्यांनी टेकण्यासाठी ठेवला किंवा ठोकण्यासाठी ठेवला. या हाताला मात्र माझी गरज होती.

आता थोडं कंटाळवाणं सांगते. ऐका, कारण मोठ्या माणसांनी ते ऐकलं नाही.

घर जळलं, पाण्यात गेलं, मोडलं, तर ते पुन्हा उभं करायला मदत मिळावी म्हणून विमा काढतात. आमच्यासारख्या इमारतीत तो दोन ठिकाणी काढावा लागतो. एक पॉलिसी सोसायटीची, साऱ्या इमारतीची. दुसरी प्रत्येक घरमालकाची आपापली, घरातल्या सामानाची, आपण हौसेनं किंवा गरजेनं केलेल्या कामाची, आणि घर राहण्यासारखं नसेल तेव्हा दुसरीकडे राहायच्या खर्चाची. दोन्ही असल्या आणि एकीची हद्द संपते तिथे दुसरीची सुरू झाली, की माणूस निश्चिंत. काकांकडे त्यांची स्वतःची छोटी पॉलिसी होती. हप्ता ते कधी चुकवायचे नाहीत.

एकदा ते कार्यालयात पाण्याची तक्रार घेऊन गेले, आणि बोलता बोलता विम्याचा विषय निघाला.

सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही वेगळी पॉलिसी कशाला चालवताय, काका? आपली सोसायटीची भरभक्कम आहे. भिंतीला जे जे ठोकलंय ते सगळं त्यात धरलंय. एजंटनं माझ्यासमोर वाचून दाखवलं."

"म्हणजे माझी कपाटं? दांडी?"

"ठोकलीय ना भिंतीला? मग झालं तर!"

"मग मी मूर्खासारखा दोनदा भरतोय म्हणायचा."

"तेच म्हणतोय मी."

काकांनी घरी येऊन काकूंना सांगितलं, आणि त्या वर्षीपासून आपली पॉलिसी बंद केली. सेक्रेटरी खोटं बोलले नव्हते, हे मुद्दाम सांगते. भिंतीला ठोकलेलं लाकूड तेव्हा खरंच सोसायटीच्या पॉलिसीत धरलेलं होतं. सामान आणि बाहेर राहायचा खर्च मात्र तेव्हाही नव्हता, पण तेवढं कुणी विचारलं नाही.

चार वर्षांनी सोसायटीच्या पॉलिसीचा हप्ता एकदम वाढला. कमिटी कार्यालयात जमली. डुगडुगणारी खुर्ची त्या दिवशी एजंटच्या वाट्याला आली, आणि तो बिचारा पाय रोवून बोलत होता.

"हप्ता कमी करायचा असेल तर एक मार्ग आहे," तो म्हणाला. "यापुढे पॉलिसी फक्त मूळ बांधकामाची ठेवायची. विटा, गिलावा, पाइप, आणि बिल्डरनं पहिल्या दिवशी जे बसवून दिलं होतं तेवढंच. मालकानं नंतर जे काही केलं, ते ज्याचं त्यानं बघायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हप्ता कमी होतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

एजंट निघताना दारात थांबला. "एक काम नक्की करा. प्रत्येक घराला लेखी कळवा, आणि वाचल्याची सही घ्या. ज्यांच्याकडे स्वतःची पॉलिसी नाही त्यांनी ती आता काढायलाच हवी. नाहीतर मध्ये फट राहील."

फट म्हणजे काय ते भिंतीइतकं कुणाला कळणार? मी ऐकलं. पलीकडे काका हातात करवत घेऊन कसलंसं गाणं गुणगुणत होते, तेही ऐकलं. दोघांच्या मध्ये नऊ इंचांची मी. मला तोंड असतं तर त्या दिवशी ओरडले असते.

सेक्रेटरींनी सूचना स्वतः लिहिली. सुवाच्य अक्षर, अधोरेखित ओळी, सगळं व्यवस्थित. प्रती काढून आणल्या. पण नेमक्या त्याच आठवड्यात इमारतीच्या पत्रपेट्या रंगवायला काढून नेल्या होत्या. आणि नेमके त्याच आठवड्यात पार्किंगचे नवे स्टिकर आले होते, जे घरोघर वाटायचे होते. आता गुडघे दुखणारा माणूस चार मजले दोनदा कशाला चढेल? त्यांनी एकाच कागदावर दोन रकाने आखले. एका रकान्यावर 'स्टिकर मिळाला', दुसऱ्यावर 'सूचना वाचली'. सह्या आत्ता घ्यायच्या आणि पेट्या परत लागल्या की सूचना पेटीत टाकायच्या, असा त्यांचा हिशेब. टपालातल्या माणसाचा पेटीवर भारी विश्वास!

एक नंबरचं दार वाजलं तेव्हा काका डिंकानं माखलेल्या हातांनी आले. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती, तिचा स्टिकर.

"इथे एक सही, आणि इथे एक."

"दोन कशाला?"

"एक स्टिकरची. ही दुसरी नेहमीची."

काकांनी करंगळी आणि अंगठ्यात पेन धरून दोन सह्या ठोकल्या. दुसऱ्या सहीवर डिंकाचा डाग पडला. सेक्रेटरी हसून म्हणाले, "आता ही कधी निघायची नाही!" काकाही हसले.

पत्रपेट्या तीन आठवड्यांनी परत आल्या, छान निळ्या रंगाच्या. सूचनांचा गठ्ठा लोखंडी कपाटात वरच्या फळीवर होता. त्यावर पाण्याच्या टाकीची बिलं आली, त्यावर गच्चीच्या दुरुस्तीची कागदपत्रं आली. गठ्ठा तळाला गेला, आणि सेक्रेटरींच्या डोक्यातून विषयच निघून गेला. चौतीस वर्षं एकही पत्र न हरवलेल्या माणसानं एवढं एकच टपाल पोचवलं नाही.

पुढे तीन वर्षं काही झालं नाही. काही होत नाही तोवर सगळे शहाणेच असतात.

मग एका सकाळी अकराच्या सुमारास स्वयंपाकघराकडच्या माझ्या कोपऱ्यात जो उभा पाइप जातो, त्याचा सांधा सुटला. त्याची काही चूक नव्हती. माझ्याच वयाचा तो, दमला होता. पाणी आधी माझ्या आत शिरलं. गिलावा फुगला, मग एक पोपडा धपकन पडला आणि धार सुरू झाली. काका चष्म्याची काडी बसवून घ्यायला बाहेर गेले होते. काकू स्वयंपाकघरात एकट्या. पायाला पाणी लागलं, वरून धो धो आवाज, कुठून येतंय ते कळेना. त्या घाबरल्या, पण त्यांनी दांडी धरली. उलट्या मोजत निघाल्या. तीन खाचा, दोन खाचा, एक खाच, तिथून वळून बाहेरचं दार. दार उघडून त्यांनी हाक मारली आणि सेक्रेटरी दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून गच्चीवरचा कॉक बंद करून आले. तोवर घोटाभर पाणी साचलं होतं.

स्वयंपाकघरातली कपाटं फुगून दारं सुटली. मुठी पाण्यात तरंगत होत्या. माझ्यावरची अर्धी दांडी, स्वयंपाकघराकडची, दोन दिवसांत पिळवटली आणि मधोमध चिरली. झोपायच्या खोलीकडची अर्धी मात्र कोरडी राहिली. पाइप फुटला त्याच दुपारी काका आले, त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. काळजी करू नकोस. विमा आहे."

विमा कंपनीकडून नुकसान पाहायला एक सर्व्हेअरबाई आल्या. त्यांच्या हातात खडू होता. जे सोसायटीच्या पॉलिसीत बसतं त्यावर फुली, जे बसत नाही त्यावर गोल. त्यांनी माझ्या उखडलेल्या गिलाव्यावर फुली काढली. पाइपावर फुली. फरशीवर फुली. मग काकांच्या कपाटांवर गोल, गोल, गोल. दांडीवरही गोल.

काकू मागोमाग चालत होत्या. त्यांनी दांडीवर बोट फिरवलं, बोटाला खडू लागला. "हे काय काढलंत, बाई?"

सर्व्हेअरबाईंनी खडू खाली केला. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "ही भिंत गिलाव्यापर्यंत सोसायटीची. त्यापुढचं लाकूड तुमचं. तुमची स्वतःची पॉलिसी कुठली आहे?"

"सोसायटीचीच आहे की!"

"ती नाही. तुमची."

"अहो, भिंतीला ठोकलेलं सगळं आहे त्यात. यांना विचारा." काकांनी दारातल्या सेक्रेटरींकडे हात केला.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. ते तसेच वळले आणि कार्यालयात गेले. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला, मग एकेक गठ्ठा जमिनीवर टाकल्याचा. बऱ्याच वेळानं ते परत आले. एका हातात सूचना, दुसऱ्या हातात सह्यांचा कागद.  काकांनी तो कागद घेतला, आणि आपली सही पाहिली. डिंकाचा डाग पिवळा पडला होता.

"पाइप अचानक फुटलाय," सर्व्हेअरबाई हळूच म्हणाल्या. "त्यात कुणाचा हलगर्जीपणा दिसत नाही. त्यामुळे भरपाई कुणाकडे मागताही येणार नाही. मी लिहिते त्यात मला काही बदल करता येत नाही हो. वाईट वाटतं."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते असं. सोसायटीला वाटलं काकांनी सोय केली असेल, काकांना वाटलं सोसायटीनं केलीय. आणि लाकूड बिचारं मधल्यामध्ये.

सेक्रेटरी त्या दुपारी काकांसमोर उभे राहिले. "चूक माझी आहे. दांडीचा आणि कपाटांचा खर्च मी करतो. नाही म्हणू नका."

"सही तुमची आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही, पण..."

"माझी आहे ना? मग वाचायला मी हवं होतं. तुमच्या पेन्शनीतून माझ्या बायकोला दांडी नको."

ते रागानं नव्हते बोलले. दमून बोलले. तुम्हाला सांगते, राग परवडतो. भांडण झालं असतं तर कदाचित काहीतरी मिटलं असतं.

घर वाळेपर्यंत दोघं काकूंच्या बहिणीकडे राहायला गेले, दीड महिना. परक्या घरात काकू दोनदा पडल्या, हे नंतर मी ऐकलं. बहिणीचा संसारही बेताचा, तिला भार नको म्हणून तिथला घरखर्च काकांनी आपल्या साठवणुकीतून केला. तो खर्चसुद्धा त्यांच्या जुन्या पॉलिसीनं उचलला असता. इकडे माझी मात्र चैन झाली. सोसायटीच्या पॉलिसीतून मला नवा गिलावा मिळाला, नवा पाइप मिळाला, वरून दोन हात रंग. कोरडी राहिलेली अर्धी दांडी रंगाऱ्यानं जपून काढली आणि पुन्हा जागेवर बसवली. कमिटीतली माणसं येऊन मला थापटून गेली. "वा! अगदी नव्यासारखी!" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा माझं एवढं कौतुक झालं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका-काकू परत आले. स्वयंपाकघरात बिल्डरनं पहिल्या दिवशी दिली होती तशी साधी कपाटं बसवली होती, कारण पॉलिसीत तेवढंच होतं. सगळी सारखी, सगळ्यांना सारख्या मुठी. पहिल्या दिवशी काकूंनी चहात मीठ घातलं. काकांनी तो चहा पूर्ण प्यायला. "जमलाय," म्हणाले.

मग काकांनी थोडं लाकूड आणलं आणि उरलेली दांडी करायला घेतली. पण सव्वीस वर्षांपूर्वीचे हात आता कुठून आणणार? रंधा सरळ जाईना. पहिल्या दोन खाचा कशाबशा पडल्या. तिसरीला पटाशी निसटली, लाकूड चिरलं आणि अंगठाही. काकूंनी रक्त दिसत नसतानाही ओळखलं. त्यांनी चाचपडत त्यांचा हात धरला, आपल्या पदरात गुंडाळला आणि म्हणाल्या, "आता पुरे, अहो. मला अर्धीच पुरे आहे." काका तोंड फिरवून माझ्याकडे बघत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. काकूंना ते दिसलं नाही, पण कळलं असणार.

अर्धी पुरली नाही. पहिल्याच आठवड्यात दांडी संपल्यावर काकू माझ्या नव्या गुळगुळीत गिलाव्यावर हात टेकत पुढे गेल्या. माझ्यावर खाच नाही, खूण नाही. मी तरी काय सांगणार? पायरी आली ती त्यांना कळली नाही. मनगट मोडलं. त्यानंतर काकांनी त्यांच्याकडून वचन घेतलं की दांडी संपली की थांबायचं, हाक मारायची, आणि मी येईन. ज्या बाईनं कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही म्हणून सांगितलं होतं, ती आता दिवसातून वीस वेळा हाक मारते आणि खांद्याची वाट बघते.

काकांनी आता स्वतःची पॉलिसी पुन्हा काढली आहे. वरातीमागून घोडं! जे गेलं ते तिच्यात परत येत नाही. चांगल्या कारागिराकडून दांडी आणि कपाटं करून घ्यायला हाताशी काही साठावं, म्हणून या वयात ते एका फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकांना लाकूड दाखवायला जातात.

सेक्रेटरींनी तो सूचनांचा गठ्ठा उचलला आणि चारही मजल्यांवर गेले. नुसता कागद हातात दिला नाही. प्रत्येक दारात उभं राहून मोठ्यानं वाचला, मग विचारलं, "कळलं का? तुमची स्वतःची आहे का?" नऊ घरांत नव्हती. नऊही जणांच्या त्या दुसऱ्या रकान्यात सह्या होत्या. आता ते दर वर्षी असेच जातात, मधल्या मजल्यावर पायरीवर बसून गुडघे चोळतात आणि पुन्हा चढतात. आणि काका दुकानात असताना काकूंची हाक आली, की ती माझ्यातून पलीकडे जाते. डुगडुगणारी खुर्ची करकरते, आणि सेक्रेटरी येऊन काकूंना स्वयंपाकघरापर्यंत नेतात. काका त्यांचे पैसे घेत नाहीत, पण याबद्दल काही बोलत नाहीत. एवढं मला चालून जातं.

मित्रांनो, मी काही फार शिकलेली नाही. मला एवढंच कळतं की माझ्यासारख्या प्रत्येक भिंतीवर एक रेघ असते, जी कुणाला दिसत नाही. तिच्या अलीकडचं सगळ्यांचं, पलीकडचं ज्याचं त्याचं. घरी जाल तेव्हा आईबाबांना विचारा, आपली रेघ कुठे आहे? सोसायटीची पॉलिसी कुठे थांबते, आणि तिथून पुढे आपली आहे ना? ते म्हणतील, 'आहे रे, असेल काहीतरी.' तेव्हा हट्ट धरा. कागद काढायला लावा, वाचायला लावा. आणि कुणी 'नेहमीची आहे' म्हणून सही मागितली, तर हात आधी धुवा, चष्मा लावा, मग पेन धरा. आम्हा भिंतींना सगळं ऐकू येतं, पण ऐनवेळी आमच्याकडून तुम्हाला काही सांगितलं जाणार नाही.

आज रविवार आहे. दुकानात गर्दी असते म्हणून काका सकाळीच गेलेत, आणि कार्यालयाला कुलूप आहे. काकू दांडीच्या टोकाशी येऊन उभ्या आहेत. दुसरा हात त्यांनी माझ्यावर टेकलाय, पण पाय पुढे टाकलेला नाही. दिलेलं वचन त्या पाळतात. त्यांना ठाऊक आहे की आज रविवार आहे. तरीही त्यांनी आत्ताच एकदा हाक मारून पाहिली.